देवाचं झिजलेलं नाक

४ मार्च, मंगळवार

काकाने देव उचलला! मी वात सारखी करत होते, तेवढ्यात मागून हात आला आणि देव गेला. फुलं माझ्या हातातच राहिली.

"नाक नाही, डोळे नाहीत. गोटा झालाय नुसता," म्हणाला. "मूर्ती घडवणाऱ्यांच्या घरात असला देव? गिऱ्हाईक काय म्हणेल? हातातलं काम आवरलं की नवीन चेहरा कोरतो त्याला. असे डोळे काढतो की बघत राहशील."

 घशात वाक्य तयार होतं. चेहरा झिजलाय कारण पणजीने रोज घासला, मग आजीने, मग आईने, आता मी घासते. चार बायकांचे अंगठे आहेत त्यात. ते तू छिन्नीने खरवडून काढणार? सगळं तयार होतं, पण बाहेर आलं नाही. शाळेत पण हेच. बाई धडा वाचायला उभं करायच्या आणि मी पुस्तकाकडे बघत नुसती उभी. आई आजारी पडली म्हणून नववीत शाळा सोडली, असं आम्ही सगळ्यांना सांगतो. खरं म्हणजे मला सुटल्यासारखं झालं होतं. इथे लिहायला काय जातंय.

काकाने देवाच्या पायाला दोरा बांधला, चिठ्ठी लावली – "घरचा. चेहरा." – आणि कारखान्यातल्या फळीवर ठेवला, गिऱ्हाइकांच्या मूर्तींच्या रांगेत. आमच्याकडे पक्का नियम आहे. दोरा आहे ते काम, दोरा नाही ती मोड. मोड म्हणजे भंगार पितळ. नळाच्या तोट्या, दाराच्या कड्या, वाकडी झाकणं. ते सगळं पोत्यात जातं आणि पोतं शनिवारी भट्टीत.

देवाला दोरा आहे. एवढंच बरं.

५ मार्च

रिकाम्या पाटासमोर दिवा लावला. काकी म्हणाली, "कोणाला दाखवतेस उजेड?"

६ मार्च

आईला सांगितलं. कारखाना पुढे, आम्ही मागच्या खोलीत, त्यामुळे तिने सगळं ऐकलेलंच होतं. दीड वर्ष झालं ती पाठीवर आहे. उजवा हात, उजवा पाय, दोन्ही गेले. बोलते, पण शब्द जरा घसरतात.

मला वाटलं चिडेल. म्हणाली, "जाऊ दे गं. भाऊजींच्या घरात राहतो आपण. मी काय, पूजा मनातच करते रोज. तू पण मनात कर."

मनात! आमचं सगळं मनातच. बोलायचं मनात, रडायचं मनात, आता देव पण मनात. मी तोंड फिरवून बसले.

मग थोड्या वेळाने विचारलं, कशी करतात?

"डोळे मीट. आधी पाट मांड."

"सोन्याचं सिंहासन मांडू? मनातच तर आहे."

"एवढं सोनं बघितलंयस कधी? जे बघितलं नाही ते द्यायचं नाही. खोटं होतं. आपला पाट मांड, त्याचा कोपरा उडालाय तो पण दिसला पाहिजे. आता पाणी कोमट कर. हाताला लावून बघ. घाई करू नकोस, हाताने करताना घाई चालते, मनात नाही चालत."

का नाही?

"हाताला सवय असते, मन दुसरीकडे गेलं तरी हात करत राहतात. मनातल्या पूजेत मन गेलं की देव एकटाच पडला."

केली. पाणी घातलं, पुसलं, गंध, फूल, दूध-साखर. पंचवीस मिनिटं लागली. हाताने मला आठ लागतात. आणि मनातला देव आला तो आपलाच होता, गुळगुळीत. तिथे काकाची छिन्नी पोचत नाही.

पण अंगठा शिवशिवतो. घासायचं मनात करता येतं, अंगठ्याला मात्र काही लागत नाही.

८ मार्च, शनिवार

भट्टी. दिवसभर धूर. देव फळीवरच आहे, तीनदा बघून आले.

१० मार्च

फार वाईट झालं. कोणाला सांगितलं तर हसतील, म्हणून इथे.

बफवर, म्हणजे पॉलिशच्या चाकावर, बसायच्या आधी कोपऱ्यात डोळे मिटून पूजा करत होते. पाणी घालून झालं होतं. पुसायला पंचा उचलला – मनातला – आणि काका ओरडला, "ए मुके! चाक कोण तुझा आजा फिरवणार?" मी उठले. कामाला लागले. तेरा मूर्ती चकाकवल्या. तोंडावर फडकं, नाकात काळी भुकटी. आणि अकरा वाजता एकदम आठवलं, देव ओला राहिलाय!

सकाळी साडेआठपासून ओला! पाटावर, पाणी निथळत. माझ्याच अंगावर काटा आला. चाक थांबवता येत नव्हतं. एकपर्यंतचे दोन तास कसे काढले माझं मला माहीत. जेवायला सोडल्यावर पहिलं ते केलं. डोळे मिटले, पुसलं, कोरडं केलं, माफी मागितली. मग जेवले.

आईला सांगितलं तर आधी ती पोट धरून हसली. म्हणजे डाव्या हाताने धरून. मग म्हणाली, "मला हॉस्पिटलात नेलं ना, त्या दिवशी मी नैवेद्याचं दूध तापत ठेवलं होतं. हात हलेना म्हणून मनात. तोवर स्ट्रेचर आलं. मग ती यंत्रं, त्या सुया. तीन दिवस दूध उतू जात होतं बघ. तिसऱ्या दिवशी शुद्ध आली तेव्हा आधी गॅस बंद केला."

आम्ही दोघी वेड्या आहोत बहुतेक. असू.

११ मार्च

काकी धुणं वाळत घालताना शेजारणीला सांगत होती, "आमच्याकडे मायलेकी मनातल्या मनात पूजा करतात. उद्यापासून मनातल्या मनात जेवतील तर माझ्या चार पोळ्या वाचतील."

शेजारीण खूप हसली. खरं सांगू? मला पण हसू आलं. पण मी चादर तोंडासमोर धरली. तिला का द्यायचं माझं हसू!

१२ मार्च, बुधवार

आज बुवा आले. हॉलमध्ये लोक जमवून बोलतात ते. आवाज इतका मोठा की बफचं चाक चालू असताना सुद्धा ऐकू येतो. एक्कावन्न मूर्ती हव्यात, चार बोटं उंचीच्या, त्यांच्या एक्कावन्न शिष्यांना द्यायला. काका नुसता धावत होता. खुर्ची, चहा, पंखा.

मग आईला बघायला मागच्या खोलीत आले. काकाने कौतुकाने सांगितलं, वहिनी मनातच पूजा करतात. झालं! बुवांनी तिथेच सुरू केलं. "हीच खरी! मूर्ती म्हणजे काय, पांगुळगाडा. मूल चालायला लागलं की गाडा सोडायचा. धातूत देव बघणारे अजून रांगतायत. माउली, तुम्ही पोचलात!" आणि हात जोडले.

आई छताकडे बघत होती.

मी दारात उभी. माझ्या डोक्यात एकच. मग एक्कावन्न गाडे कशाला मागवले? जिभेच्या टोकावर होतं, अगदी टोकावर! ते पायरी उतरून गेले तरी तिथेच.

ते गेल्यावर आई म्हणाली, "पोचले म्हणे. हात चालला असता तर घासला नसता का मी?"

एवढंच. आणि भिंतीकडे तोंड केलं. म्हणजे तिला पण! तिचा पण अंगठा शिवशिवतो! मग "जाऊ दे" कशाला म्हणाली?

१३ मार्च

न्हाणीघरात नळ सोडून दहा वेळा म्हटलं: मग एक्कावन्न कशाला? मग एक्कावन्न कशाला? आवाज येतो. म्हणजे आहे.

१६ मार्च

काकाने जेवताना सांगितलं, बुधवारी किंवा गुरुवारी देवाला चेहरा कोरतो, बुवा पुढच्या वेळी येतील तेव्हा देव्हारा नीट दिसला पाहिजे. माझ्याकडे बघून वर, "तोंड असं करू नकोस. देवाला डोळे काढतोय, फोडत नाहीये."

काकाचे डोळे चांगले असतात, हे मान्य. लांबून लोक येतात त्याच्या डोळ्यांसाठी. पण मला डोळे नकोतच. मी घासते तेव्हा देव माझ्याकडे बघत नाही, म्हणून तर मला त्याच्याशी बोलता येतं. बाकी सगळे बघतात.

१७ मार्च, सोमवार

केलं!!

काका जेवायला गेला होता. फळीवरून देव घेतला. दोरा तोडला, चिठ्ठी भट्टीच्या राखेत टाकली. घरात लपवायची सोय नाही. आईच्या उशीखाली ठेवला असता, पण काकी रोज चादर बदलते. कपाटं तर काका आधी उघडेल. मग सुचलं. मोडीचं पोतं! परवाच भट्टी झाली, शनिवारपर्यंत त्या पोत्याला कोणी हात लावत नाही. तोट्यांच्या खाली, अगदी तळाशी, माझ्या ओढणीच्या तुकड्यात गुंडाळून ठेवला. शुक्रवारी काढीन. तोवर काका शोधून शोधून कंटाळेल.

  काकाच्या फळीवरची वस्तू मी उचलली! मी!

१८ मार्च

काका शोधतोय. फळी तीनदा खाली केली. "इथेच तर होता. ए मुके, बघितलास?" मी मान हलवली. खोटं मान हलवून सांगता येतं, मुकं असण्याचा तेवढा फायदा.

१९ मार्च, बुधवार

आईला व्यायामाच्या दवाखान्यात नेलं होतं. सकाळी नऊला निघालो, दोनला परत. रिक्षातून उतरतानाच वास आला.

भट्टी पेटलेली. बुधवारी!

बुवांचा निरोप आला होता, मूर्ती आठवडाभर आधी हव्यात. काकाने आजच ओतलं. पोतं भिंतीला टांगलं होतं. रिकामं. झटकून.

आईची चाकाची खुर्ची माझ्या हातात होती, म्हणून मी पडले नाही.

२० मार्च

मी मारलं. काकाने नाही. काका तर नुसता चेहरा देणार होता.

२१ मार्च

एक्कावन्न मूर्ती पाटीत गार झाल्यात, वर दोन जास्तीच्या. कुठल्यात आहे? कुठल्या गुडघ्यात, कुठल्या मुकुटात? प्रत्येक उचलून बघितली. सगळ्या सारख्या. सगळ्यांची नाकं टोकदार.

मनातली पूजा करायला बसले. देव आला. गुळगुळीत, जसाच्या तसा. मी डोळे उघडले. त्याने माझ्याकडे बघू नये असं वाटलं, आणि त्याला डोळेच नाहीत.

संध्याकाळी काकाला सांगितलं. तोंडाने. कसं निघालं कोण जाणे. "दोरा मी तोडला. मोडीत मी ठेवला." काका कानस घासत होता. थांबला. मला वाटलं आता पडते कानाखाली. तो कानस बाजूला ठेवून स्टुलावर बसला. चिडला नाही. मग म्हणाला, "दादा पण –" आणि कानस परत उचलली. दादा म्हणजे माझे बाबा. बाबांचं काय? विचारलं तर म्हणाला, "काही नाही. जा. वहिनींना तूच सांग."

२२ मार्च, शनिवार

आईला सांगितलं. सगळं. दोरा, पोतं, बुधवार. तिच्या पायाशी बसून, खाली बघत.

आई हसायला लागली.

मला वाटलं झटका आला परत! काकीला हाक मारणार होते. आईने डाव्या हाताने माझी वेणी ओढली. "बस खाली. बापावर गेलीस, बापावर!"

मग तिने सांगितलं. थांबत थांबत. मी जसं आठवतं तसं लिहिते.

लग्नाला वर्ष पण झालं नव्हतं. आजी बाळंतपणासाठी लेकीकडे गेलेली, दोन महिने. देवाची बैठक हलत होती म्हणून बाबांनी देव कारखान्यात नेला. तेव्हा दोरा-बिरा काही नियम नव्हता. ठेवला कुठे तर मोडीच्या शेजारी. आणि ओतला! पणजीचा देव, कड्या-कुलुपांबरोबर. बाबा दोन दिवस जेवले नाहीत. साचा घरचाच होता, त्यात दुसरा ओतला. हुबेहूब, पण चेहरा नवाकोरा! आजी आल्या आल्या ओळखणार.

"मग?"

"मग काय. घासला."

दीड महिना. आधी पॉलिशचा कागद, मग विटेची भुकटी, मग राख, मग नुसता अंगठा. बाबा कारखान्यात, आई स्वयंपाकघरात, दार लावून. नख फाटलं, तर म्हणे विळीवर कापलं. कुठे किती झिजलंय ते कसं कळलं, विचारलं. म्हणाली, "मनातल्याकडे बघून. वर्षभर रोज हातात घेतला होता ना. डोळे मिटायचे, बघायचं, आणि जिथे जास्त वाटेल तिथे घासायचं. तेव्हाच तर शिकले मी मनात बघायला. कोणी बुवा नव्हता शिकवायला."

मी म्हटलं, म्हणजे चार बायकांचे अंगठे…

"पणजीचा नाही. आजीचा नंतरचा सहा वर्षांचा. बाकी माझा. आणि तुझा."

आजीला कळलंच नाही?

आई परत हसली. डोळ्यातून पाणी. "आल्या, देव हातात घेतला, उलटा केला, सुलटा केला, ठेवला. काही बोलल्या नाहीत. सहा वर्षं. शेवटच्या आजारात मी पाय दाबत होते, तर म्हणाल्या, 'सूनबाई, घासायला छान जमतं हो तुला.'"

मी रडत होते की हसत होते ते कळेना.

आणखी एक. काका तेव्हा चौदा वर्षांचा. त्याला सगळं माहीत होतं! बाबांनी शपथ घातली होती. दोऱ्याचा नियम पण बाबांनीच त्यानंतर काढला. म्हणजे या महिन्यात काकाला एका वाक्यात माझं फुगलेलं तोंड उतरवता आलं असतं. कसले चार अंगठे, कसला पणजीचा देव! पण तो बोलला नाही. मेलेल्या भावाचा शब्द पाळत राहिला आणि माझ्या रागाचा धनी होत राहिला.

तरीपण छिन्नी लावायला नको होती त्याने. हे मी खोडणार नाही.

२३ मार्च

मनातल्या पूजेत पाणी घालून झाल्यावर आईला विचारलं, मग तुझ्या मनातला देव कुठला? पणजीचा की घासलेला?

"मला नाही बाई सांगता येत आता," म्हणाली. "थंडी वाजेल त्याला. पुस आधी."

२५ मार्च, मंगळवार

बुवा मूर्ती न्यायला आले. चार शिष्य, दोन खोकी. मी एकेक मूर्ती कागदात गुंडाळून देत होते. बुवा शिष्यांना सांगत होते, मूर्तीत अडकू नका, हा पांगुळगाडा आहे –

"मग एक्कावन्न कशाला?"

मी म्हटलं. मी! मोठ्याने नाही, पण चाक बंद होतं, सगळ्यांना ऐकू गेलं. काकाच्या हातातला चहा तसाच राहिला.

बुवा हसले. गोड हसतात. "लोकांना लागतात, मुली."

"मला पण लागते. माझ्या आईला पण. ती पोचलेली नाही. तिचा हात चालत नाही."

बोलून टाकलं. आणि अजून सांगू का, सगळं बोलणं झालंच नव्हतं माझं! मनात आधी बघता आलं पाहिजे हे मला पटतं, बुवांपेक्षा जास्त पटतं. पण मनात बघितलेलं अंगठ्याखाली पण लागतं. माझ्या आईने मनातला देव पितळेत उतरवलाय, नख फाडून. तो काय गाडा होता? हे सगळं राहिलं. पुढच्या वेळी.

शिष्य खोकी घेऊन गेले. मला वाटलं काका आता झोडपणार. तो कप विसळायला गेला. जाताना म्हणाला, "मुकी म्हणून हाक मारायची पंचाईत झाली."

२६ मार्च

सकाळी बफपाशी गेले तर माझ्या स्टुलावर एक मूर्ती. जास्तीच्या दोनातली. नाक टोकदार, डोळे काकाचे, मोठे, जरा रागीट. पायाला दोरा. चिठ्ठीवर काकाचं वाकडं अक्षर:

"घरचा. चेहरा झिजवणे. घाई नाही."

पाणी कोमट केलं. हाताला लावून बघितलं. आईच्या खाटेवर बसले, तिचा डावा अंगठा आधी ठेवला, मग माझा.